घराचे बाह्य रंगकाम (सातारा व सांगली जिल्हे)

घराचे बाह्य रंगकाम म्हणजे घराच्या बाहेरील भिंती, छज्जे, कठडे आणि जोते यांवर संरक्षणासाठी व शोभेसाठी रंगाचा थर देण्याचे काम होय. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत हे काम बहुतेक वेळा स्थानिक ठेकेदाराकडे सोपविले जाते. बोलीभाषेत त्याला 'पेंटर' किंवा 'रंगारी' म्हणतात. रंगाचे आयुष्य वरच्या छटेपेक्षा भिंतीचा कोरडेपणा, जुन्या थराची सफाई आणि अस्तर यांवर अधिक अवलंबून असते. या तिन्ही गोष्टी काम संपल्यावर दृष्टीआड होतात. त्यामुळे ठेका ठरविताना त्यांचा स्पष्ट उल्लेख करणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

या भागातील जुनी घरे पांढरी माती, भाजलेली वीट, काळा दगड आणि चुना यांची असत. सातारा, वाई, मिरज व सांगली येथील वाड्यांत अशा भिंती आजही पाहावयास मिळतात. चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विझवून तयार केलेला चुना भिंतीला लावला जाई. त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा सरस आणि पांढरेपणा खुलावा म्हणून थोडी नीळ मिसळत. जोत्यालगत गेरूचा पट्टा ओढण्याची पद्धत सर्वत्र होती. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरातीलच माणसे हे काम उरकीत.

चुन्याच्या बाबतीत हा काळ योग्य होता. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो व त्यासाठी त्याला ओलावा लागतो. म्हणून चुना देण्यापूर्वी भिंत मुद्दाम शिंपडून घेत. शिवाय चुन्याचा थर सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते. पुढे आलेल्या सिमेंट रंगालाही (बोलीभाषेत 'स्नोसेम') पाणी आवश्यक असते. भिंत ओलसर करून तो लावतात आणि नंतर त्यावर पाणी मारतात.

आज प्रचलित असलेल्या ॲक्रिलिक इमल्शन रंगाचा स्वभाव वेगळा आहे. तो सुकल्यावर भिंतीवर पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पावसाचे पाणी अडवतो. परंतु भिंतीत आधीच मुरलेली ओलही तो सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. रंग बदलला तरी दिवाळीपूर्वी रंग देण्याची रूढी कायम राहिली, आणि रंगाला फोड येणे, पोपडे सुटणे या तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण असते.

हवामान व भिंतींची स्थिती

दोन्ही जिल्ह्यांत पर्जन्यमानाचा फरक मोठा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेत असून तेथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे एकच पद्धत सर्वत्र लागू पडत नाही.

जावळी, पाटण व महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येणारी झड पश्चिमेकडील भिंतींवर थेट आदळते. या भिंतींवर शेवाळ व बुरशी वाढते. पूर्वेकडील तालुक्यांत पावसापेक्षा ऊन अधिक त्रासदायक असते. तेथे गडद रंग लवकर विटतात आणि दिवसाचे ऊन व रात्रीचा गारवा यांमुळे गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा प्रश्न निराळा आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असल्यास भिंतींना तिरप्या भेगा जातात. वाळवा, मिरज या बागायती तालुक्यांत जमीन क्षारपड झालेल्या भागांत जोत्याच्या वर लोणा चढलेला दिसतो. भिंतीतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागी येऊन पांढऱ्या भुकटीच्या रूपाने साठतात, त्याला लोणा म्हणतात. लोण्यावर दिलेला कोणताही रंग टिकत नाही.

कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली शहर व नदीकाठच्या अनेक गावांतील घरे पाण्याखाली गेली. पुरात बुडालेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून सुकण्यास कित्येक महिने लागू शकतात. पुराची रेषा झाकण्याच्या घाईने लगेच रंग दिल्यास तो खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरचा विनाशकारी भूकंप झाला. या परिसराला नंतरही लहान धक्के बसत आले आहेत. रुंद, आरपार गेलेली किंवा वाढत जाणारी भेग हा रंगकामाचा विषय नव्हे. अशा भेगेची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक असते.

योग्य हंगाम

इमल्शन रंगासाठी परतीचा पाऊस थांबून भिंती सुकल्यानंतरचा काळ, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, सोयीचा मानला जातो. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत हे काम थोडे आधी सुरू करता येते. डोंगरी भागात फेब्रुवारीपर्यंत थांबणे इष्ट ठरते. एप्रिल-मे महिन्यांत भिंती सर्वांत कोरड्या असतात. परंतु तापलेल्या भिंतीवर रंग फार झपाट्याने सुकतो व नीट बसत नाही. म्हणून त्या दिवसांत सकाळी आणि सावली असेल त्या बाजूला काम करतात. वळिवाच्या सरींचीही दखल घ्यावी लागते.

भिंतीचा ओलावा पाहण्याची एक सोपी रीत आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक रात्र ठेवावा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास भिंत अद्याप ओली आहे असे समजावे. नवीन गिलाव्यावर रंग देण्यापूर्वी पाणी मारण्याचा काळ पूर्ण होऊन तो सुकेपर्यंत किमान २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.

जुन्या चुन्याच्या व मातीच्या भिंतींना शक्यतो चुनाच द्यावा. त्यांवर इमल्शनचा पापुद्रा चढविल्यास आतील ओल कोंडते आणि रंगाबरोबर गिलावाही सुटू लागतो.

कामाचे टप्पे

बाह्य रंगकामाचे टप्पे सामान्यतः पुढील क्रमाने होतात.

१. दुरुस्ती : गच्चीची गळती, फुटलेले पावसाचे नळ, छज्जावर साचणारे पाणी आणि जोत्याची ओल यांचा बंदोबस्त. ओलीचे मूळ तसेच ठेवून दिलेला रंग फार काळ टिकत नाही.
२. सफाई : सुटे पोपडे पत्रीने खरवडणे, शेवाळ व बुरशी घासून धुणे, त्यानंतर भिंत पूर्ण सुकू देणे. हात फिरविल्यावर पांढरी पूड लागत असल्यास ती पूर्णपणे काढावी लागते.
३. भेगा भरणे : बारीक भेगा तयार मसाल्याने भरतात, मोठ्या भेगा मोकळ्या करून, धूळ काढून मगच भरतात. लांबी किंवा पुट्टी वापरायची असल्यास ती बाहेरील भिंतीसाठीची, पांढऱ्या सिमेंटची असावी. घरातील भिंतीची साधी लांबी पावसात टिकत नाही.
४. अस्तर : प्रायमरचा एक हात. अस्तरामुळे रंग भिंतीला धरतो व भिंत रंग कमी पिते.
५. रंग : किमान दोन हात. पहिला हात सुकल्यावर, डब्यावर छापलेले अंतर राखून दुसरा दिला जातो. रंगात पाणी किती घालावे हेही डब्यावर नमूद असते. मचूळ किंवा क्षारयुक्त विहिरीचे पाणी यासाठी वापरू नये.

ठेक्याचे प्रकार

पहिला प्रकार रोजंदारीचा. यात कामगारांची हजेरी मांडून दररोजचा पगार दिला जातो आणि माल मालक आणतो. दुरुस्ती अधिक असलेल्या जुन्या घरांना ही पद्धत सोयीची असते. मात्र देखरेख सतत ठेवावी लागते.

दुसरा प्रकार मजुरीच्या ठेक्याचा. यात क्षेत्रफळानुसार मजुरी ठरते व रंग मालक खरेदी करतो. मालाचा दर्जा मालकाच्या हाती राहतो. अनेक कंपन्या रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन ठेवत आल्या आहेत. त्यामुळे रंगाऱ्याने विशिष्ट कंपनीचा आग्रह धरल्यास त्यामागील कारण विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार मालासह ठेक्याचा, म्हणजे काम 'अंगावर' देण्याचा. मालकाची दगदग यात सर्वांत कमी असते. पण खर्च वाचविण्यासाठी रंगात जादा पाणी घालणे, अस्तर वगळणे किंवा खालच्या प्रतीचा रंग वापरणे याची शक्यताही यातच अधिक असते. दुसरीकडे, फार कमी दरात काम उरकून देण्याची अपेक्षा धरणारा मालक ठेकेदारास त्याच वाटेने ढकलतो. दोन-तीन ठेकेदारांचे दर मागविताना प्रत्येकास कामाचे एकच लेखी वर्णन दिल्यास दरांची तुलना सार्थ ठरते.

मोजमाप

रंगकाम चौरस फुटांत किंवा ब्रासमध्ये मोजतात. क्षेत्रफळाच्या हिशेबात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. उदाहरणार्थ, ३० फूट रुंद, ४० फूट लांब व २० फूट उंच अशा दुमजली घराची परिमिती १४० फूट होते. म्हणून बाहेरील भिंतींचे क्षेत्रफळ २,८०० चौरस फूट, म्हणजे २८ ब्रास येते. दारे-खिडक्यांचे ३०० चौरस फूट वजा केल्यास २,५०० चौरस फूट उरतात.

खिडक्यांचे क्षेत्र वजा करावयाचे की नाही, यावरून वाद होतात. खिडकीच्या आतील कडा रंगविण्याचे श्रम धरून काही ठेकेदार ते वजा करीत नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. कोणती पाळायची ते आधी ठरलेले असावे. छज्जे, कठडे व कुंपणाची भिंत यांचाही वेगळा उल्लेख असावा.

मोजमापावरून रंगाचा अंदाज बांधता येतो. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी १ लिटर इमल्शन साधारण ५० ते ६० चौरस फुटांना पुरते. वरील घराला त्यामुळे सुमारे ४२ ते ५० लिटर रंग लागेल. खडबडीत गिलाव्याला याहून अधिक. एवढे घर २० लिटरच्या एकाच बादलीत पूर्ण झाले, तर एक हात कमी पडला किंवा पाणी जास्त पडले असे अनुमान निघते. रिकामे डबे काम संपेपर्यंत जागेवर ठेवण्याची अट म्हणूनच उपयुक्त असते.

करारनामा व पैसे देण्याची पद्धत

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो. मात्र वाद निर्माण झाल्यास तो सिद्ध करणे अवघड जाते. साध्या कागदावर लिहून दोघांनी सही केलेला मजकूरही उपयोगी पडतो. त्यात पुढील बाबी असाव्यात : रंगवायच्या जागा व मोजमापाची रीत, रंगाची कंपनी, प्रत व छटेचा क्रमांक, सफाई, भेगा व अस्तर यांचे वर्णन, रंगाचे हात, दर व कर, काम सुरू व पूर्ण करण्याच्या तारखा, पावसामुळे खाडा झाल्यास काय करायचे, आणि दोष आढळल्यास किती काळ विनामूल्य दुरुस्ती करून द्यायची.

काम ठरल्याची खूण म्हणून विसार दिला जातो. तो थोडका ठेवून उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने देणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. सफाई व भेगांचे काम पाहिल्यावर एक हप्ता, अस्तर झाल्यावर दुसरा, पहिल्या हातानंतर तिसरा आणि पाहणीनंतर शेवटचा, अशी विभागणी करता येते. प्रत्येक टप्पा पुढच्या थराखाली झाकला जाण्यापूर्वीच पाहावा, हे तिचे प्रयोजन होय. ठेकेदारालाही दर आठवड्याला मजुरांचा पगार भागवावा लागतो. म्हणून ठरलेला हप्ता वेळेवर देणे ही मालकाची जबाबदारी ठरते.

कंपनीची हमी सामान्यतः रंगापुरती असते आणि ती सांगितलेल्या पद्धतीने काम केले असेल तरच लागू होते. खरेदीची पावती आणि डब्यावरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे.

सुरक्षितता

बाहेरील काम उंचावरचे असल्याने पडून होणारे अपघात हा त्यातील सर्वांत मोठा धोका आहे. बांबूची परांची भक्कम बांधलेली असावी, उभे राहण्याच्या फळ्या हलू नयेत आणि उंचीवरील कामगाराने सुरक्षा पट्टा लावावा. घराजवळून विजेची तार जात असल्यास काम सुरू करण्यापूर्वी महावितरणच्या स्थानिक कार्यालयाशी संपर्क साधावा. पट्टा, परांची आणि अपघातानंतरचा खर्च यांची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहिलेले असावे. मागील वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या बांधकाम कामगारास महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. रंगकाम करणाऱ्यांचाही त्यात समावेश होतो.

जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेली दारे व गज कोरडे न घासता ओले करून घासावेत, आणि लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

तक्रार निवारण

मोबदला घेऊन केलेले रंगकाम ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवा ठरते. कामात उणीव राहिल्यास प्रथम ठेकेदारास लेखी कळवावे व भिंतीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

निगा

रंगकामानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गच्ची व पावसाचे नळ साफ करावेत, आणि पावसाळ्यानंतर पश्चिमेची भिंत व जोते तपासावे. लहान भेग वेळीच भरल्यास पाणी गिलाव्यामागे शिरत नाही व पुढील रंगकाम लांबणीवर टाकता येते.