थेंबाचा आकार कोण ठरवितो?

मोतीचुराच्या कळ्या पाडणाऱ्या आचाऱ्याकडे आपण सर्वांनी कधी ना कधी कौतुकाने पाहिले असेल. कढईवर झारा धरावयाचा, त्यावर पीठ ओतावयाचे आणि झारा बेताने ठोकावयाचा. पीठ बिघडले, झारा खालून माखला किंवा हात घाईचा झाला, तर कळ्या एकसारख्या पडत नाहीत. आज आम्हाला जो विषय मांडावयाचा आहे, तो या झाऱ्यापासून फार दूर नाही. आपल्या झाऱ्याची छिद्रे मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे एका मायक्रॉनच्या आसपास आहेत. आणि पाडावयाचे आहेत ते तेलाचे थेंब, पाण्यात.

एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्यात विखुरलेले असले म्हणजे त्यास पायस म्हणतात. दूध हे निसर्गाचे पायसच होय. त्यातील स्निग्धांशाचे थेंब लहानमोठे असतात. चहाला त्याने काही बिघडत नाही. परंतु ज्या रुग्णाला तोंडाने अन्न घेता येत नाही, त्याला शिरेतून तेलाचे पायस देतात, तेव्हा गोष्ट निराळी होते. केशवाहिन्यांची रुंदी अवघी ५ ते १० मायक्रॉन. मोठा थेंब तेथे अडकला तर जीवावर बेतते. म्हणूनच अमेरिकेच्या औषधसंहितेने अशा पायसात थेंबाचा सरासरी आकार अर्ध्या मायक्रॉनच्या आत असावा आणि ५ मायक्रॉनहून मोठ्या थेंबांत ०.०५ टक्क्याहून अधिक स्निग्धांश नसावा, असे बंधन घातले आहे.

थेंब बारीक करण्याची नेहमीची रीत म्हणजे घुसळणे, किंवा प्रचंड दाबाने द्रव फटीतून दडपणे. यात थेंब फोडावे लागतात. शक्ती पुष्कळ खर्च होते आणि तुकडे सारखे होत नाहीत. फोडण्याऐवजी थेंब मुळातच हवा तेवढा का पाडू नये? १९८० नंतरच्या दशकात जपानमधील मियाझाकी येथे नाकाशिमा आणि शिमिझू यांनी हा मार्ग दाखविला. क्युशू बेटावरील ‘शिरासू’ नावाच्या ज्वालामुखीच्या राखेपासून त्यांनी सच्छिद्र काच बनविली. तिच्या एका बाजूने तेल दाबावयाचे व दुसऱ्या बाजूने पाणी वाहते ठेवावयाचे.

आता थेंबाचा आकार कोण ठरवितो? पहिला मान छिद्राचा. शिरासू काचेत थेंब छिद्राच्या साधारण तिप्पट होतो. पण छिद्रे सारखी नसतील, तर थेंबही सारखे होणार नाहीत.

दुसरे म्हणजे ओढाताण. तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण थेंबाला छिद्राच्या काठाशी धरून ठेवतो. वाहते पाणी त्याला ओढते. ओढ वरचढ झाली की थेंब सुटतो. प्रवाह वाढविला की थेंब आधी झपाट्याने लहान होतात. पुढे मात्र फारसा फरक पडत नाही.

तिसरा पायसकारक, म्हणजे साबणाच्या जातीचा पदार्थ. तो ताण उतरवितो आणि थेंबाभोवती कवच घालतो. पण त्याने वेळेवर पोहोचले पाहिजे. कवच चढण्यापूर्वीच शेजारचे थेंब भेटले, तर दोहोंचा एक होतो.

चौथा दाब. तेल बाहेर पडण्यास काही किमान दाब लागतोच. ताण बराच उतरविला, तर एका मायक्रॉनच्या छिद्रास वातावरणाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका दाब पुरतो. छिद्र दसपट लहान केले, तर दाब दसपट लागतो. त्याहून फार जोर केला, तर सुटता सुटता थेंब फुगतो. पुढे थेंबाऐवजी धारच लागते.

पाचवी गोष्ट सहज विसरली जाते. काच पाण्यानेच भिजलेली राहिली पाहिजे. काचेवर ऋण विद्युत्भार असतो. धन भाराचा पायसकारक घेतला, तर तो काचेलाच चिकटतो, काच तेलाला जवळ करते आणि तेल तिच्यावर पसरते. आमच्या आचाऱ्याचा माखलेला झारा तो हाच!

याच मियाझाकीत पुढे डॉक्टरांनी यकृताच्या कर्करोगासाठी या रीतीने औषधी पायस तयार केले. पाण्यात विरघळलेले औषध तेलाच्या थेंबात, आणि तो थेंब पुन्हा पाण्यात. यकृताच्या धमनीतून दिलेला हा थेंब गाठीपाशी अडून राहावा आणि औषध हळूहळू सोडावे, ही कल्पना. एके ठिकाणी थेंब अडकणे म्हणजे संकट, तर दुसऱ्या ठिकाणी तोच उपचार! दोहोंमधील अंतर मायक्रॉनांतच मोजावयाचे.

या रीतीत उणीव नाही असे नाही. काम मंद चालते आणि छिद्रे बुजतात. म्हणून काही जण आधी जाडेभरडे पायस करून तेच काचेतून दाबतात. काम लवकर होते, पण थेंबांचा सारखेपणा थोडा उणावतो. घाई आणि नेमकेपणा एकाच वेळी साधत नाहीत, हे आचाऱ्याला ठाऊक असते. आपल्या घरी येणाऱ्या औषधाच्या बाटलीत त्यांपैकी काय हवे, याचा निर्णय श्रोत्यांनी मनाशी करावा, एवढीच विनंती.