आधी ठरवा, माणूस परका आहे का

परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश आहे. हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. देशात कुठेही राहण्याचा, वसण्याचा हक्क अनुच्छेद १९ फक्त नागरिकांना देतो. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्यालाही १९९१ मध्ये हेच उत्तर मिळाले. अनुच्छेद २१ मात्र नागरिक-परका असा भेद करत नाही. म्हणूनच १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांना संरक्षण देताना न्यायालयाने बजावले, की कायद्याच्या मार्गावाचून कुणालाही हुसकावता येणार नाही. २०२१ मध्ये रोहिंग्यांची हद्दपारी रोखायला नकार देतानाही विहित कार्यपद्धतीची अट कायम राहिली.

खरी अडचण याच्या आधीच्या पायरीवर आहे. समोरचा माणूस परका आहे, हे ठरवायचे कुणी आणि कशावरून? १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ ने पुराव्याचे ओझे संशयितावरच टाकले. आसामपुरता १९८३ चा कायदा ते सरकारकडे वळवत होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून तिथला भूमिहीन मजूर परकेपण ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे उभा राहतो तो आजोबांच्या नावाची मतदारयादी आणि पंचायतीचा दाखला घेऊन. नावात एक अक्षर चुकले, वयात दोन वर्षांचा फरक पडला, की कागद संशयास्पद. हजर राहिला नाही तर निकाल एकतर्फी. त्यावर अपील नाही. उरते ती अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. तिथे उच्च न्यायालय प्रामुख्याने प्रक्रिया तपासते, पुरावा सहसा नव्याने तोलत नाही. ज्याचे सगळे आयुष्य त्या पुराव्यावर टांगलेले आहे, त्याला ही मर्यादा फार महाग पडते.

२०१२ मध्ये एकतर्फी परका ठरलेल्या आसामच्या एका रहिवाशाला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये भारतीय ठरवले. केवळ संशयावरून कुणालाही उचलून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, आधी प्रशासनाकडे काही ठोस आधार हवा आणि तो संशयिताला कळवायला हवा, असे त्या निकालाने सांगितले. १९४६ च्या कायद्याची जागा सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. पुराव्याचे ओझे मात्र हलले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशाच्या हद्दीत ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना, ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या दोन कुटुंबांचे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. केंद्राच्याच सूचनांनुसार गृहराज्याकडून पडताळणीसाठी ३० दिवस ठेवलेले असताना त्यांना घाईने सीमेपार धाडले होते. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हद्दपारी रद्द करून चार आठवड्यांत परत आणण्याचा आदेश दिला. केंद्राने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांतली गर्भवती स्त्री आणि तिचा लहान मुलगा डिसेंबरमध्ये परतले.