माळवद गेलं, स्लॅब आला

बीडच्या जुन्या वस्तीत काही माळवदं अजून तग धरून आहेत. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं, वर पालापाचोळा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी नवी माती टाकायची, धुमसानं चोपायची, उतार पन्हाळीकडे काढायचा, हे काम दरसाल ठरलेलं. पावसाळ्यात वर गवत माजायचं. मुळांनी गळती लागू नये म्हणून ते उपटावं लागे. पण पहिल्या सरी त्या मातीतच मुरत आणि पन्हाळ उशिरा सुटे.

स्लॅबला ही उसंत नाही. हजार चौरस फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी तडक गल्लीत उतरतं. मे महिन्यात ज्या टँकरसाठी रांग लावायची, तेवढं पाणी एकेका घरावरून गटारात जातं आणि गटार तुंबलं की तेच उंबऱ्याशी येतं. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे पाहवत नाही.

हिरवं छत म्हणजे माळवदाचीच सुधारलेली आवृत्ती. स्लॅबवर जलरोधक थर, मुळं अडवणारा पडदा, पाणी निचरणारा थर, गाळणीचं कापड आणि वर दहा-पंधरा सेंटिमीटर हलकी, भुसभुशीत माती. कोरडी असताना ती जोरदार सरीतलं बरंच पाणी धरते, उरलेलं सावकाश सोडते. जर्मनीत अशी छतं कित्येक दशकं आहेत. कॅनडातल्या टोरांटो शहरानं २००९ साली मोठ्या नव्या इमारतींना ती सक्तीची केली.

तरी उत्साहाला आवर घालणारी एक गोष्ट आपल्या उंबऱ्यावरच घडून गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. वजनाचा हिशेब म्हणूनच आधी करायचा. साधी माती दहा सेंटिमीटर पसरली आणि ती पाण्यानं भरली, तर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर जाते. वावर असलेल्या छतावर भारतीय मानकात वापराचा भार म्हणून साधारण तेवढाच धरलेला असतो. जुन्या स्लॅबवर स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या तपासणीशिवाय एक घमेलंही चढवू नये.

दुसरी अडचण बीडचीच आहे. छतावरच्या मातीत थांबलेलं पाणी पुढे उन्हानं उडून जातं, ते भूगर्भात पोचत नाही. ज्या गावाच्या शेजारी निजामशाहीच्या काळात खजाना विहीर बांधली गेली, तिथं थेंबाचं मोल सांगायला नको. म्हणून माझं मत असं, की घरमालकांनी छताचं पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणालाच द्यावं. हिरवी छतं हवीत ती दाट वस्तीतल्या मोठ्या, भक्कम सरकारी इमारतींवर, जिथं गल्ल्या अरुंद आणि गटारं अपुरी आहेत. बिंदुसरा नदीनं जुलै १९८९ मध्ये घातलेलं थैमान अशा छतांनी थोपवलं नसतं. तो पूर वरच्या डोंगराळ पाणलोटातून आलेला. छतं वाचवतील त्या गल्ल्या. आणि माती एकदा भिजून चिंब झाली की त्यापुढचा पाऊस तीही सोडून देणार, म्हणून जादा पाण्याची मोकळी वाट ठेवावीच लागेल.

झाडं परदेशी यादीतून आणू नयेत. वैशाखात तापणाऱ्या छतावर चिवळ, घोळ, कोरफड, पानफुटी टिकतील. माळावरची गवतं उन्हाळ्यात वाळून जातील आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतील. ज्या छताला एप्रिलमध्ये टँकरचं पाणी घालावं लागेल, ते बीडसाठी नव्हे.

सुरुवात तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी करावी. सारख्या मापाच्या दोन छतांपैकी एकावर माती, दुसरं कोरं, आणि दोन्हींच्या पाइपाखाली खुणा केलेल्या टाक्या. प्रत्येक सरीनंतर किती पाणी आलं आणि किती वेळानं आलं, हे वहीत टिपत गेलं, तर एका पावसाळ्यात नगरपालिकेपुढे ठेवायला बीडचे स्वतःचे आकडे हाती येतील.