सावलीने काढलेले चित्र

नागपुरात शिकलेल्या सय्यद हैदर रझांनी बिंदू, वर्तुळ, त्रिकोण यांतून अमूर्त चित्रे रंगवली. मित्रांनो, चिखलदऱ्याच्या पठारावर तसे एक चित्र सूर्याकडूनच काढून घेता येते. २२ डिसेंबरला सपाट जागी काठी उभी रोवा. सावलीच्या टोकाशी दर अर्ध्या तासाने खडा ठेवा आणि संध्याकाळी खडे चुन्याच्या रेघेने जोडा. उमटेल तो अपास्त! काठीच्या टोकावरून दिवसभर जाणाऱ्या किरणांचा शंकू होतो आणि जमीन त्याला छेदते. असे छेद ग्रीक गणिती अपोलोनियसने सुमारे २२०० वर्षांपूर्वी अभ्यासले. २१ मार्चला मात्र हा शंकू पसरून सपाट होतो, म्हणून रेघ जवळजवळ सरळ येते. २१ जूनला वक्र उलटा वळतो, अन् माध्यान्ही सावली चक्क दक्षिणेला पडते, कारण चिखलदरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. अर्थात, तेव्हा ढगांनी सूर्य दिसू दिला तर!