चार चमच्यांचा जेरीकॅन

माझ्या टेबलावर एक लाल जेरीकॅन आहे. वर तीन दांड्यांची मूठ, पोटावर ती ओळखीची फुलीसारखी खाच, उंची पावणेपाच सेंटिमीटर. खरा कॅन २० लिटरचा आणि साधारण ४७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे हा त्याचा एक दशांश. एका रविवारी लहर आली म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो पाच मिलिलिटरचा चमचा घेऊन तो भरायला बसलो. शेजारी भाचा. त्याचा अंदाज दोन लिटरचा होता. मग कॅनकडे नीट बघून तो अर्ध्या कपावर आला. तीन चमचे आत गेले. चौथा काठाशी येऊन थोडा सांडला, कारण प्लास्टिकच्या जाडीनेच आतली काही जागा खाल्लेली होती. २० लिटरचे २० मिलिलिटर.

आमच्या छंदातली सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप या चार चमच्यांत आहे. रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या ऑफ-रोड गाड्या घ्यायच्या आणि त्यांच्यावर कॅरियर, तंबू, दोरखंड, कुदळ-फावडी, दिवे, आत माणसं असा सगळा संसार चढवायचा, की फोटोत गाडी खरी वाटली पाहिजे. यांना क्रॉलर म्हणतात. वेगाशी यांना काही देणंघेणं नाही. दगडांवरून गोगलगायीसारखं चढणं हेच काम. आणि ‘एक दशांश’ हा शब्द दुकानदार जितक्या सहज उच्चारतो तितका तो सहज नाही. दहाने भागली जाते ती फक्त लांबी. पत्र्याचं क्षेत्रफळ शंभराने भागलं जातं, आणि वजन, आकारमान, कॅनमधलं पाणी हजाराने.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. जीपची चार दारांची रँग्लर. आपल्याकडे विकली जाणारी रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळच्या रांजणगावात जुळवली जाते, त्यामुळे तिच्याबद्दल थोडी शेजारधर्माची आपुलकीही आहे. लांबी ४.८ मीटरच्या आसपास, वजन दोन टनांच्या आसपास. ॲक्सिअल या अमेरिकन कंपनीने हीच रँग्लर तीन मापांत काढली: एक चोविसांश, एक दशांश आणि एक सहांश. लांबी अनुक्रमे २० सेंटिमीटर, ४८ सेंटिमीटर आणि ८० सेंटिमीटर. पहिली तळहातावर मावते, दुसरी काखोटीला मारता येते, तिसरीला दोन्ही हात लागतात. धाकटी आणि थोरली यांच्या लांबीत फक्त चौपट फरक. पण दोन टनांना इमानदारीने भागत गेलं तर धाकटीचं वजन यायला हवं १४५ ग्रॅम, मधलीचं दोन किलो आणि थोरलीचं सव्वानऊ किलो. चौपट लांबीला चौसष्टपट वजन.

खऱ्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाड असतो. दहाव्या हिश्श्याला तो ०.०७५ मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहूनही पातळ. तशी गाडी केली तर ती पहिल्या फुंकरीला दबेल. म्हणून पोलिकार्बोनेटची बॉडी एक मिलिमीटरची आणि ‘हार्ड बॉडी’ म्हणतात ती दोन मिलिमीटरची असते. दहाने गुणा. दोन सेंटिमीटर जाडीचं दार. असलं दार बँकेच्या तिजोरीला शोभेल, जीपला नाही. शिवाय जाडी आतल्या बाजूला सरकते, त्यामुळे बाहेरून माप चोख असलेल्या गाडीची आतली खोली मात्र घटते. तिथून माणसांची अडचण सुरू होते.

पावणेसहा फुटी माणूस एक दशांशाला साडेसतरा सेंटिमीटरचा. त्याच्या डोळ्याचं बुबुळ सव्वा मिलिमीटर, शर्टाचं बटण एक मिलिमीटर. हे रंगवताना श्वास रोखावा लागतो, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. छातीच्या ठोक्याबरोबर ब्रशचं टोक हलतं आणि ते हलणं बुबुळाएवढंच असतं. तीन रात्री खपून रंगवलेला माझा पहिला ड्रायव्हर कायमचा तिरळा झाला. त्याला मी काळा चष्मा घातला.

पण रंगवण्याआधीचा प्रश्न म्हणजे माणूस आणायचा कुठून? बाजारातल्या बाहुल्यांची मापं गाड्यांच्या मापांशी सल्लामसलत करून ठरलेली नाहीत. बाहुलीघरांचं जुनं माप एक द्वादशांश, एका फुटाला एक इंच, आणि सहा इंची ॲक्शन फिगर त्याच घराण्यातल्या. तसा १५ सेंटिमीटरचा गडी एक दशांशाच्या गाडीत बसवला तर त्याची उंची होते दीड मीटर. पाच फुटांनाही बोटभर कमी. सातवीतला पोरगा बापाची जीप पळवतोय असं वाटायला पाहिजे. प्रत्यक्षात वाटत नाही, आणि पुष्कळ हौशी मुद्दाम हाच बुटका गडी निवडतात, कारण त्या जाड दारांमुळे आक्रसलेल्या केबिनमध्ये तोच बरोबर दिसतो. साडेसतरा सेंटिमीटरचा, मापाने अस्सल माणूस छताला डोकं लावून अवघडून बसतो. एका खोट्याला दुसरं खोटं जुळवलं की डोळ्याला खरं वाटतं. या छंदात हे पुन्हा पुन्हा होतं.

एक सहांशाची गोष्ट निराळी. १९५९ साली आलेली बार्बी २९ सेंटिमीटरची. सहाने गुणलं तर १७४. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये काढलेला जी. आय. जो हा सैनिक ३० सेंटिमीटरचा, म्हणजे एक मीटर ऐंशी. साठ वर्षांत या मापाचे बूट, टोप्या, दुर्बिणी, पाठपिशव्या, तव्यासकट स्वयंपाकाची भांडी, सगळं इतकं निघालं आहे की थोरल्या रँग्लरच्या मालकाला घडवायला काही उरतच नाही, नुसतं बसवायचं. अडचण एकच: जुन्या वळणाच्या बार्बीची पावलं कायमची उंच टाचेच्या कोनात घडलेली. तिला क्लच दाबता येईल, ब्रेक दाबता येईल, पण गाडीतून उतरून दगडावर उभं राहता येत नाही. त्याच्या उलट एक दशांशाच्या ड्रायव्हरला पुष्कळदा पायच नसतात. सीटच्या खाली गिअरबॉक्स, मागे बॅटरी, पुढे स्टिअरिंग फिरवणारा सर्वो. माणसाला कमरेखाली जागाच उरत नाही. मग करवत काढायची. माझ्या तिरळ्या ड्रायव्हरचे पाय एका डबीत आहेत, जपून ठेवलेत. का ते विचारू नका.

माणूस बसला की टपावर सामान चढतं. एक चोखंदळ हौशी कॅरियरवर सहज ३०० ग्रॅम लादतो: तंबू, स्टेपनी, दोन कॅन, दिव्यांची पट्टी. हजाराने गुणा. ३०० किलो. खऱ्या रँग्लरच्या टपावर चालत्या गाडीत सत्तरएक किलोपेक्षा जास्त ठेवू नये असं तिचीच पुस्तिका सांगते. तेव्हा तीनशे किलो डोक्यावर घेतलेली गाडी पहिल्याच तिरक्या दगडावर आडवी होणार, आणि होते. उपाय म्हणजे वर चढवलेल्या दिखाऊ वजनाला खाली न दिसणारं वजन. चाकांच्या आत पितळेच्या कड्या, ॲक्सलवर पितळेची झाकणं. कारण पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. टायर, रिम, कडी मिळून एक चाक २०० ग्रॅमचं सहज होतं. खऱ्या रँग्लरचं चाक ३५-४० किलोचं, म्हणजे इथे ३५-४० ग्रॅमचं असायला हवं होतं. आमचं २०० किलोचं आहे. आणि आकारानेही वाढीव: खरं ३३ इंची टायर दहाव्या हिश्श्याला ८.४ सेंटिमीटरचं, पण ट्रेलवर बारा सेंटिमीटरचं सर्रास दिसतं, म्हणजे कमरेहून उंच, ४७ इंची. फोटोत कोणाच्या लक्षात येत नाही. बरोबर मापाचं टायर लावलं तर उलट लोक विचारतात, चाकं अशी किरकोळ का दिसतात?

इथवरचं सगळं पितळ, गोंद आणि करवत यांनी निस्तरता येतं. वेळेचं काय करायचं?

गुरुत्वाकर्षणाला आपण गाडी लहान केल्याचं कळवलेलं नसतं. खरी जीप एक मीटरच्या दगडावरून घसरली तर खाली यायला ०.४५ सेकंद लागतात. आमची गाडी दहा सेंटिमीटरच्या दगडावरून ०.१४ सेकंदात खाली. उंची दहापट कमी, वेळ मात्र दहाच्या वर्गमुळाने, ३.१६ पट कमी. म्हणून व्हिडिओत खेळण्यातली गाडी लगेच ओळखू येते: ती उड्या मारते, टणाटण आपटते, स्प्रिंगा थरथरतात. हे गणित सिनेमावाल्यांनी फार पूर्वी ओळखलं. लहान प्रतिकृतीचा प्रसंग जास्त वेगाने चित्रित करून नेहमीच्या वेगाने दाखवायचा. एक दशांशाला सेकंदाला चोवीसऐवजी ७६ चौकटी. आता हे फोनवरही जमतं. वेग सव्वातीनपट उतरवला की तीच गाडी एकदम दोन टनांची होते. डुलते, कण्हते, वजन टाकत पुढे जाते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा क्लिप अकरा वेळा पाहिली.

आणि रिमोट हातात असताना गाडी हवी तितकी सावकाश चालवायची तर? खरी जीप दगडांतून ताशी तीन किलोमीटरने जाते असं धरा. वर्गमुळाच्या हिशेबाने आमची सेकंदाला २६ सेंटिमीटर जायला हवी. अंगठ्याला ते फार जड जातं. अंगठा कायम घाईत असतो.

पडण्याचा एक फायदाही आहे. दोन टन एका मीटरवरून पडले तर साधारण १९,६०० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. छप्पर, काचा, माणसाची मान. दोन किलो दहा सेंटिमीटरवरून पडले तर दोन ज्यूल. दहा हजारपट कमी, आणि वर ते तिजोरीचं दार. म्हणून आमची गाडी टेकाडावरून तीन कोलांट्या खाऊन चाकांवर उभी राहते आणि चालू लागते. शेवटी भुवनेश्वरला स्थायिक होऊन तिथेच वारलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात हे प्राण्यांबद्दल सांगून ठेवलं आहे: खोल खाणीत पडलेला उंदीर जमीन मऊ असेल तर उठून चालू लागतो, माणसाचं तसं होत नाही, घोड्याचं तर नाहीच. क्रॉलर हा उंदीर आहे, घोड्याच्या वेषातला.

इंधनाचा हिशेब मात्र पार उलटा. खऱ्या रँग्लरची टाकी ८१ लिटरची, हजाराने भागली की ८१ मिलिलिटर. आमची बॅटरी ७.४ व्होल्टची, ५००० मिलिअँपिअर-तासाची, आकाराने त्या टाकीच्या दुप्पट. तिच्यात ३७ वॉट-तास ऊर्जा. पेट्रोलमध्ये मोजली तर चार मिलिलिटर. माझ्या जेरीकॅनचा एक चमचासुद्धा नाही! पण त्या अपुऱ्या चमच्याची ताकद बघा. तीन किलोची गाडी सरळ वर उचलायची तर तेवढी ऊर्जा साडेचार हजार मीटरला पुरते. मोटर, गिअर आणि घर्षण यांनी दोन तृतीयांश गिळली असं धरलं तरी दीड हजार मीटर उरतात. समुद्रसपाटीपासून निघाली तर एका चार्जिंगमध्ये कळसूबाईच्या माथ्याखाली सव्वाशे-दीडशे मीटरवर जाऊन बसेल.

भाच्याने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. त्याने विचारलं, “मामा, ही केवढ्याला?” एक दशांशाची बरी गाडी अमेरिकेत पाचशे डॉलरच्या आसपास असते, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस हजार म्हणालो. त्याने फोनवर खरीची किंमत काढली, सत्तरेक लाख, आणि हजाराने भागून दाखवली: सात हजार. मी गप्प. मग त्याने भाजीवाल्यासारखं किलोवर केलं. खरी साडेतीन हजार रुपये किलो, माझी पंधरा हजार रुपये किलो. “आईला सांगू नकोस,” एवढंच मी म्हणालो.

शेवटचं काम ताडपत्रीचं होतं. टपावरच्या सामानावर टाकायला जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा घेतला, घरात याहून तलम काही नव्हतं. टाकला, तर चारी कोपरे हवेत. कापडाला लवायला आपलं स्वतःचं वजन लागतं, आणि हातभर तुकड्याला असतं ते बोटभर तुकड्याला नसतं. पाव मिलिमीटरचं कापड इथे अडीच मिलिमीटरची सतरंजी झालेलं. शेवटी टिश्यू पेपरचा एक पदर सुटा केला, फेविकॉल पाण्यात पातळ करून त्याच्यावर ब्रशने सोडला आणि ओला असतानाच कॅनच्या, तंबूच्या कडांवर बोटाने बसवला. वाळल्यावर खाकी रंग, घड्यांमध्ये काळपट पाणी, कडांवर कोरड्या ब्रशने धूळ. ही ताडपत्री मात्र पावसाळाभर भिजून वाळलेली दिसायला लागली.

गाडी टेकडीवर नेली. सकाळचं तिरपं ऊन, मुठीएवढे दगड, हिशेबाने मीटर-मीटरच्या शिळा. फोन जमिनीला टेकवून, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. सगळं जमून आलं: ताडपत्रीच्या घड्या, चाकाखालची सावली, काळ्या चष्म्यावरची तिरीप. फोटो घरी येऊन मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं की बॉनेटवर एक मुंगळा उभा आहे. हिशेबाने दहा सेंटिमीटरचा. ड्रायव्हर त्याच्याकडे रोखून पाहतोय.