शीड कोणाकडून शिवून घ्यावं?

यॉटसाठी नवं शीड घेताना बहुतेक जण आधी किंमत विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न हा हवा: माप घ्यायला शीड शिवणारा स्वतः नौकेवर येणार का? जुन्या शिडावरून घेतलेलं माप फसवतं, कारण वापराने कापड ताणलेलं असतं.

शीड सपाट नसतं. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापून जोडल्या की त्याला पोट येतं, आणि त्या पोटामुळे नौका वाऱ्याला तिरकी चढत अधिक चांगली पुढे जाते. हे पोट किती आणि कुठे ठेवायचं, यातच खरं कसब आहे. म्हणून नौका कुठे, किती वाऱ्यात, शर्यतीसाठी की भटकंतीसाठी चालवणार, हे न विचारणाऱ्याकडे काम देऊ नये. भटकंतीला विणलेलं डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, टिकाऊ. शर्यतीचं लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड, आकार छान धरतं, पण त्याचं आयुष्य कमी.

मुंबई-गोव्याच्या उन्हात कापडाआधी बहुधा शिवणीचा दोराच जातो. दोरा कोणता, टाके किती पदरी, कोपऱ्यांना थर किती, हे लेखी घ्या. दुरुस्ती जवळ होणार असेल, तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. आणि पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढलेली असते, तेव्हाच मागणी नोंदवा.