खुराड्यातील दांडी व उतरती फळी
उंच जागी बसून झोप घेणे हा कोंबडीचा उपजत स्वभाव होय. म्हणून खुराड्यातील दांडी सुमारे ५ सेंटिमीटर रुंद व कडा तासलेली असावी. गुळगुळीत बांबू नीटस दिसतो, पण त्यावर पकड बसत नाही. दर कोंबडीस २० सेंटिमीटर जागा द्यावी. दांड्या अंड्यांच्या खोक्यांहून उंच असाव्यात. नाहीतर कोंबड्या खोक्यांतच झोपून ती घाण करतात.

खरा अपाय पहाटे होतो. जड कोंबडी कठीण जमिनीवर उडी घेते, तळव्यास जखम होते, तीत जंतू शिरून गाठ धरते व ती लंगडू लागते. यासाठी बेताच्या उताराची, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावावी. शाळेतील मोठ्या मुलांच्या हातूनही ती सहज होईल. दांडी मात्र खोबणीत सैल ठेवावी, म्हणजे फटींत दिवसा दडून रात्री रक्त शोषणाऱ्या बारीक तांबड्या किटकांसाठी ती काढून तपासता येते.